हौशी लाकूडकामासाठी पहिले सी.एन.सी. यंत्र : निवड कशी करावी?

(विश्वकर्मा जयंतीच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



माघ शुद्ध त्रयोदशीच्या या मंगल दिवशी सुतारांच्या सभेत रंधा, करवत आणि पटाशी यांची पूजा व्हावी, हे परंपरेस धरूनच आहे. परंतु त्याच सभेत संगणकाने चालणाऱ्या कोरणयंत्राविषयी एका निवृत्त शिक्षकाने बोलावे, ही गोष्ट काही ज्येष्ठांना विचित्र वाटली असेल. आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते खडू व फळा यांच्या सहवासात. तथापि हा विषय पुष्कळसा भूमितीचा आणि अंकगणिताचा आहे, आणि तेवढे दोन विषय आम्ही जन्मभर शिकविले आहेत. त्या आधारावरच कार्यकारी मंडळाची आज्ञा आम्ही शिरोधार्य मानली.

विषय नेमून देण्याचे कारणही सांगितले पाहिजे. आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य कुटुंबांचा पिढीजात धंदा सुटून एकदोन पिढ्या लोटल्या. मुले कचेऱ्यांत, कारखान्यांत, बँकांत आणि परगावी स्थिर झाली. परंतु आजोबांची हत्यारपेटी अजून पुष्कळ घरांत जपलेली आहे, आणि सुटीच्या दिवशी आपल्या हाताने एखादा देव्हारा, एखादा पाट, दारावरची नावाची पाटी करावी, अशी ऊर्मी नव्या पिढीत पुन्हा उठू लागली आहे. ही मुले विचारतात, "हल्ली लहान सी.एन.सी. यंत्रे स्वस्तात मिळतात म्हणे. त्यांपैकी कोणते घ्यावे?" विचारणारा पगारदार असतो. हातात वर्षाचा बोनस असतो, किंवा वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून उचललेले थोडे पैसे असतात. ती रक्कम एकदा चुकीच्या ठिकाणी गेली, तर पैसा तर जातोच. पण यंत्र माळ्यावर धूळ खात पडते आणि त्याच्याबरोबर ती हौसही कायमची विझते. पैशापेक्षा हे दुसरे नुकसान आम्हांस अधिक मोठे वाटते. म्हणून आजचे हे चार शब्द.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय, ते पाहू. राउटर आपल्या कारागिरांना नवा नाही. वेगाने फिरणारे धारदार बिट लाकडात शिरते, खाच पाडते, कड गोल करते. ते हाताने धरून चालविण्याऐवजी तीन मोटरींनी तीन दिशांस सरकविले, आणि त्या मोटरींना कोठे जावयाचे हे संगणकाने आकड्यांत सांगितले, की त्याचा सी.एन.सी. राउटर होतो. शाळेत आपण आलेख काढीत होतो, त्यातील क्ष आणि य हे दोन अक्ष, आणि खोलीचा तिसरा अक्ष. एवढेच त्याचे जग होय. यंत्रास मिळणारी आज्ञा साधारण अशी असते : जी१ एक्स५० वाय२० एफ६००. म्हणजे, पहिल्या अक्षावर ५० मिलिमीटर व दुसऱ्या अक्षावर २० मिलिमीटर या बिंदूपर्यंत सरळ रेषेत, मिनिटास ६०० मिलिमीटर वेगाने जा. ज्याला आलेख समजला त्याला ही भाषा समजली. तिचे भय बाळगण्याचे कारण नाही.

या विद्येचा इतिहासही जाणण्याजोगा आहे. अमेरिकेतील मिशिगन संस्थानातील जॉन पार्सन्स यांस हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्राकार अचूक हवे होते. आकड्यांच्या आधारे यंत्र चालविण्याची कल्पना त्या गरजेतून पुढे आली, आणि १९५२ साली मॅसॅच्युसेट्स येथील एम.आय.टी. या संस्थेत भोके पाडलेल्या फितीवर चालणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले. पुढे कित्येक दशके ही यंत्रे केवळ मोठ्या कारखान्यांस परवडत. सामान्य माणसाच्या मेजापर्यंत ती आली त्याचे एक मोठे कारण म्हणजे जी.आर.बी.एल. नावाची आज्ञावली होय. नॉर्वेतील सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी ती २००९ साली तयार केली आणि सर्वांसाठी मोफत खुली ठेवली. आर्डुइनो नावाच्या लहानशा स्वस्त पाटीवर ती चालते. पाठोपाठ २०११ साली अमेरिकेत एडवर्ड फोर्ड यांनी शेपओको हे घरी जोडण्याचे यंत्र लोकवर्गणीच्या मार्गाने पुढे आणले. आज बाजारात जी स्वस्त यंत्रे दिसतात, त्यांपैकी पुष्कळांचा मेंदू जी.आर.बी.एल. किंवा तिचीच एखादी वंशज असते. एकाने निर्माण केलेली विद्या त्याने झाकून ठेवली नाही, म्हणून ती आपल्या अंगणापर्यंत पोचली, हे आपल्या ज्ञातीने ध्यानात ठेवावे. विद्या घरातच मुरवावी असे मानणारे कारागीर आपल्यातही पुष्कळ होऊन गेले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. यंत्र निवडताना लोक पहिला प्रश्न विचारतात तो, "किती मोठे?" आमच्या मते पहिला प्रश्न, "काय करावयाचे?" हा असावा, दुसरा, "किती ताठ?"; आणि आकाराचा प्रश्न तिसरा. हा क्रम ज्याने पाळला त्याची निवड सहसा फसणार नाही. आज आम्हांस जे सांगावयाचे आहे त्याचा सारांश एवढाच होय. पुढील सारे विवेचन म्हणजे त्याचा विस्तार.

काय करावयाचे, याची यादी कागदावर लिहावी. पहिल्या वर्षात प्रत्यक्ष होतील अशा फक्त पाच वस्तू लिहाव्यात. नावाची पाटी, रांगोळीचा छाप, पाटावरील नक्षी, दागिन्यांची डबी, देव्हाऱ्याची महिरप. अशी यादी पुष्कळांची होईल. तिच्यात सर्वांत मोठा तुकडा किती लांबरुंद आहे ते मोजावे. बहुतेक वेळा तो हातभराच्या आत बसतो, असे आढळून येईल. घराचे मुख्य दार कोरावयाचे असे कोणी लिहील. परंतु दार आयुष्यात एकदा होते, आणि त्यासाठी आठ फूट लांब व चार फूट रुंद फळी घेणारी कारखानदारी यंत्रे आता पुष्कळ गावांत मजुरीवर काम करून देतात. एका दारासाठी घरात कारखाना मांडण्यात शहाणपण नाही. ते काम मजुरीवर करून घ्यावे, आणि आपल्या यादीतून ते खोडून टाकावे.

ताठपणाचा मुद्दा कारागिरांच्या सभेत फार समजावून सांगावा लागणार नाही. छपराचा गाळा लांबला की वासा जाड घ्यावा लागतो, हे आपले आजोबा जाणत होते. यंत्रातही तेच. बिट लाकूड कापते तेव्हा लाकूडही बिटास मागे रेटते. त्या रेट्याने ज्या दांड्यांवर बिटाचा गाडा सरकतो त्या वाकल्या, तर रेघ वाकडी येते, कड थरथरलेली येते आणि बिट तुटते. गणिताचा नियम असा आहे की, दोन्ही टोकांस टेकलेल्या गोल दांडीची लांबी दुप्पट केली, तर मध्यावरील तेवढ्याच भाराने तिचा बाक आठपट होतो. उलट जाडी दुप्पट केली, तर बाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून त्याच किमतीत, तशाच बारीक दांड्या घालून, दुप्पट मोठे यंत्र कोणी देऊ करील, तर तो आपणांस अधिक काही देत नाही. उलट कमकुवतपणा विकतो असे समजावे. स्वस्तात मोठेपणा आणि ताठपणा ही दोन्ही एका वेळी मिळत नाहीत. नवशिक्याने ताठपणा घ्यावा.

ताठपणा ओळखावा कसा? गाडा कशावर सरकतो ते पाहावे. अधांतरी ताणलेल्या गोल दांड्या सर्वांत कमी प्रतीच्या. खालून आधार दिलेल्या दांड्या त्याहून बऱ्या. आणि चौकोनी पोलादी रुळांवर सरकणारे गाडे सर्वांत चांगले. गाडा पुढे ढकलण्याची रीतही तीन प्रकारची असते. दातेरी पट्ट्याने गाडा वेगाने धावतो, परंतु पट्टा ताणला जातो आणि अधूनमधून आवळावा लागतो. साध्या आट्यांचा लीड स्क्रू हळू चालतो, पण स्वस्त व पुरेसा बळकट असतो. बॉल स्क्रू सर्वांत अचूक आणि अर्थातच महाग. लहान यंत्रास लीड स्क्रू वाईट नाही. साध्या स्टेपर मोटरीच्या एका फेऱ्यात २०० पावले असतात. एका फेऱ्यास स्क्रू ४ मिलिमीटर सरकला, तर एका पावलास एक मिलिमीटरचा पन्नासावा भाग होतो. लाकूडकामास याहून अधिक बारकावा नको. लाकूड स्वतःच पावसाळ्यात त्याहून अधिक फुगते. म्हणून जाहिरातीत सूक्ष्मतेचे मोठमोठे आकडे दिसले तरी भुलू नये. आकडा मोटरीचा असतो. काम मात्र सांगाड्याचे असते.

आता बाजारात मिळणाऱ्या यंत्रांच्या पायऱ्या पाहू. पहिली पायरी ३०१८ या नावाने प्रसिद्ध आहे. नावातच माप आहे : साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर रुंद जागा. तिची मोटर लहान, मिनिटास साधारण १०,००० फेरे घेणारी, आणि बहुधा सव्वातीन मिलिमीटरांहून किंचित बारीक दांड्याचे बिट धरणारी असते. अक्षरे कोरणे, उथळ नक्षी, पातळ फळीचे छाप, एवढे काम ती निमूटपणे करते; मात्र एका वेळी मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी खोल उतरून, अनेक फेऱ्यांत. जाड सागवानाची फळी आरपार कापण्याची अपेक्षा तिच्याकडून करणे म्हणजे तट्टावर हत्तीचे ओझे लादणे होय. ज्यास ही विद्या आपल्याला रुचते की नाही हेच अजून पाहावयाचे आहे, त्याने या पायरीवर थांबावे. शिकण्याची पाटी म्हणून ती उत्तम आहे.

दुसरी पायरी म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर लांबरुंद जागेची, धातूच्या जाड सांगाड्याची यंत्रे. यांपैकी काहींत लहान मोटर काढून सनमायका कापण्याचा ट्रिमर बसविता येतो. हा ट्रिमर आपल्या प्रत्येक कारागिराकडे असतो. तो मिनिटास ३०,००० च्या आसपास फेरे घेतो, सहा मिलिमीटर दांड्याचे बिट धरतो, आणि बिघडला तर तालुक्याच्या गावी दुरुस्त होतो. पाट, तबक, डबी, देव्हाऱ्याचे भाग, खुर्चीच्या पाठीची नक्षी, हे सारे या यंत्रावर होते. ज्याचा निश्चय पक्का आहे आणि ज्याच्या यादीत खऱ्या लाकडाच्या वस्तू आहेत, त्याने थोडे थांबून, पैसे साठवून, एकदम ही दुसरी पायरी घ्यावी असे आमचे मत आहे. ट्रिमर बसविण्याची सोय आहे काय, हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा. कारण पुढे शक्ती वाढविण्याचा तोच सर्वांत स्वस्त मार्ग होय.

तिसरी पायरी ८० सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या यंत्रांची. तिला स्वतंत्र खोली, मजबूत मेज, भुसा ओढणारे साधन आणि बरीच मोठी रक्कम लागते. पहिले यंत्र म्हणून ती घेऊ नये. दुसरे यंत्र म्हणून अवश्य घ्यावी. तोपर्यंत काय हवे ते आपणांस स्वतःलाच कळलेले असेल.

आता वेळेचा हिशेब, कारण तो कोणी सांगत नाही. बिट किती वेगाने पुढे न्यावे याचे सूत्र सोपे आहे : मिनिटाचे फेरे गुणिले बिटाच्या धारा गुणिले प्रत्येक धारेने काढावयाच्या छिलक्याची जाडी. १०,००० फेरे, दोन धारा आणि ०.०३ मिलिमीटर छिलका धरला, तर मिनिटास ६०० मिलिमीटर हा वेग येतो. याहून फार हळू नेले तर बिट कापण्याऐवजी घासते, लाकूड काळे पडते आणि धार जाते. म्हणून "सावकाश ते सुरक्षित" ही म्हण येथे पुरती लागू पडत नाही. आता ३० सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद फळीवर गणपतीची उठावाची आकृती कोरावयाची आहे असे समजा. शेवटचा गुळगुळीत हात फिरविताना दोन रेघांत ०.३ मिलिमीटर अंतर ठेवले, तर ५०० रेघा होतात. प्रत्येक रेघ ३०० मिलिमीटरांची. एकूण दीड लाख मिलिमीटर. मिनिटास ६०० प्रमाणे २५० मिनिटे, म्हणजे चार तास दहा मिनिटे. आणि त्याआधीचा खडबडीत हात वेगळाच! एवढा वेळ यंत्राचा कर्कश आवाज चाळीत किंवा सदनिकेत शेजाऱ्यांनी का सोसावा, याचा विचार यंत्र घेण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून केला पाहिजे. घरच्या गृहिणीचा सल्ला या बाबतीत विक्रेत्याच्या सल्ल्याहून अधिक मोलाचा ठरतो. आणि ही हौस केवळ पुरुषांची आहे असेही कोणी समजू नये. रांगोळीची समज आणि विणकामातील मोजमापाची शिस्त ज्या हातांत आहे, त्या हातांस हे यंत्र लवकर वश होईल, याविषयी आम्हांस शंका नाही.

पैशाच्या वाटणीविषयी आमचा ठाम आग्रह आहे. हाती असलेल्या १०० रुपयांपैकी ६० रुपयेच यंत्रावर खर्च करावेत. १५ रुपये बिटे आणि लाकूड घट्ट धरण्याची साधने यांसाठी. १० रुपये भुसा ओढणारे साधन, मुखपट्टी आणि चष्मा यांसाठी. १० रुपये सरावाच्या लाकडासाठी. आणि ५ रुपये विजेच्या नीट जोडणीसाठी ठेवावेत. सारे १०० रुपये यंत्रात घालून जो मोकळा होतो, त्याच्या घरी पहिले बिट तुटल्याबरोबर काम थांबते. आणि पहिले बिट तुटतेच, हे गृहीत धरून चालावे.

विजेचा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील ग्राहकांसाठी केलेल्या यंत्रांतील काही मोटरी ११० ते १२० व्होल्टच्या असतात. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची. असली मोटर थेट जोडली तर ती जळून जाईल. म्हणून यंत्र परदेशाहून मागविताना हा आकडा प्रथम वाचावा, आणि सीमाशुल्क, कर व वाहतूक मिळवूनच किमतीची तुलना करावी. दुसरी गोष्ट, काम चालू असता वीज गेली तर यंत्र आपण कोठे होतो ते विसरते. अक्षांच्या टोकांस घरवापसीच्या कळा बसविलेल्या असतील, तर वीज परतल्यावर ते आपले मूळ स्थान पुन्हा शोधू शकते. त्या नसतील, तर तीन तासांचे काम वाया जाण्याची भीती असते. या कळा आणि झटकन बंद करण्याचे लाल बटण, या दोन गोष्टी नसलेले यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. अर्थिंग नीट आहे की नाही हे जाणत्या वायरमनकडून पाहून घ्यावे.

आरोग्याविषयी दोन शब्द. लाकडाच्या भुशाचा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा सहवास. त्यामुळे त्याचे भय वाटत नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने लाकडाचा बारीक भुसा माणसांत कर्करोग निर्माण करणारा पदार्थ म्हणून १९९५ सालीच नोंदविला आहे. यंत्राचा भुसा करवतीच्या भुशाहून बारीक असतो. एम.डी.एफ. कापताना तर तो पिठासारखा उडतो. म्हणून मुखपट्टी ही चैन नव्हे. काही स्वस्त यंत्रांबरोबर लेसर जोडून देतात. त्याचा किरण क्षणात डोळा निकामी करू शकतो. योग्य चष्म्याविना आणि लहान मुले घरात मोकळी फिरत असता तो कदापि चालवू नये. आणि यंत्र चालू ठेवून बाहेर जाऊ नये. दुधाच्या पातेल्यावर जशी नजर ठेवतात तशी त्याच्यावर ठेवावी.

यंत्र नवे असो वा वापरलेले, घेण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. आमच्या जुन्या भूमितीच्या पेटीने ती होते. बिट काढून त्या जागी पेन्सिल बांधावी. यंत्राकडून कागदावर १० सेंटिमीटर बाजूचा चौरस काढून घ्यावा आणि त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही १४.१४ सेंटिमीटर भरले पाहिजेत. एक कर्ण मोठा आणि दुसरा लहान आला, तर यंत्राचा काटकोन बिघडलेला आहे, असे समजावे. नंतर एक वर्तुळ काढून घ्यावे. वर, खाली, उजवीकडे आणि डावीकडे, जेथे गाडा दिशा पालटतो तेथे, वर्तुळास लहानशी पायरी किंवा सपाटी दिसली, तर स्क्रूच्या आट्यांत ढिलाई आहे. शेवटी बिट धरणाऱ्या भागास बोटाने बाजूस रेटून पाहावे. बोटाच्या रेट्याने जे हलते ते सागवानाच्या रेट्यापुढे काय टिकणार? एवढ्या तीन परीक्षांस ज्या विक्रेत्याची ना असेल, त्यास दुरूनच नमस्कार करावा. यंत्राचा मेंदू जी.आर.बी.एल.सारखा सर्वपरिचित आहे की त्या विक्रेत्याचा खाजगी, हेही विचारावे. सर्वपरिचित असेल तर सुटे भाग आणि सल्ला दोन्ही कोठेही मिळतात.

आणखी एक सूचना, जिला एक पैसाही लागत नाही. या विद्येत तीन टप्पे असतात : आकृती काढणे, आकृतीवरून बिटाचा मार्ग आखणे, आणि तो मार्ग यंत्रास पाठविणे. आकृतीसाठी इंकस्केप, घनाकृती व मार्ग यांसाठी फ्रीकॅड, पाठविण्यासाठी युनिव्हर्सल जी-कोड सेंडर, अशी मोफत साधने उपलब्ध आहेत. यंत्र घेण्याआधी एक महिना रोज अर्धा तास या साधनांवर काढावा. यादीतील पाचही वस्तू पडद्यावर पुऱ्या कराव्यात. महिन्याअखेर उत्साह टिकला, तर यंत्र घ्यावे. न टिकला, तर यंत्राचे पैसे वाचले आणि संगणकावरील रेखनाची विद्या पदरात पडली.

प्रत्यक्ष यंत्र पाहावयाचे असेल तर फार दूर जावे लागत नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करीत शिकावे, हा त्यांचा ध्यास. ज्या एम.आय.टी.त १९५२ साली आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक झाले, त्याच संस्थेच्या सहकार्याने २००२ साली पाबळला फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरील अशा प्रयोगशाळांत ती आरंभीची मानली जाते. कोरडवाहू भागातील एका खेड्यात हे घडले, याचा मराठी माणसास अभिमान वाटावयास हवा. त्यानंतर अशा प्रयोगशाळा अनेक ठिकाणी निघाल्या आहेत. विकत घेण्यापूर्वी आपल्या जवळच्या एखाद्या अशा ठिकाणी, अथवा मजुरीने कोरीव काम करणाऱ्या कारखान्यात, एक दिवस उभे राहून पाहावे. आवाज, भुसा आणि वेळ यांचा खरा अंदाज तेथे येतो.

ज्या बांधवांची उपजीविका अजून लाकूडकामावरच आहे त्यांच्यासाठी वेगळा उल्लेख करतो. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी पी.एम. विश्वकर्मा योजना सुरू केली. तिच्यातील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंतचे ५ टक्के व्याजाचे कर्ज, अशी तिची रचना आहे. मात्र ती प्रत्यक्ष हाताने धंदा करणाऱ्यांसाठी आहे. सरकारी नोकर व त्यांचे कुटुंबीय तिला पात्र नाहीत, आणि केवळ हौस म्हणून यंत्र घेणाराने त्या दाराशी जाऊ नये. गरजू कारागिराच्या वाट्याचे आपण घेता कामा नये.

शेवटी, ज्येष्ठांच्या मनातील एका शंकेस उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. "यंत्राने कोरलेले ते आपले काम नव्हे, हात मरेल आणि ज्ञातीची कला बुडेल," असे काहीजण म्हणतात. त्यांच्या म्हणण्यामागील कळकळ आम्ही जाणतो. परंतु यंत्राचे बिट गोल असते. सहा मिलिमीटर व्यासाचे बिट आतील प्रत्येक कोपऱ्यात तीन मिलिमीटर त्रिज्येची गोलाई मागे ठेवते. तीक्ष्ण काटकोन त्यास साधतच नाही. तो साधावयास पटाशीच हातात घ्यावी लागते. फळी वाळली आहे की ओली, तंतू कोणत्या दिशेने धावतात, गाठ कोठे आहे, बिट तंतूंविरुद्ध गेले तर कड कोठे फाटेल, यांतील एकही गोष्ट यंत्रास कळत नाही. सागवानात वाळूच्या जातीचा अंश असतो आणि तो धार लवकर मारतो, हे संगणक सांगत नाही. घरातील म्हातारा सांगतो. सांधा बसविणे, घासणे, पॉलिश देणे, हे तर सारे हातचेच. म्हणून हे यंत्र ज्याच्या घरात येईल, त्यास आजोबांची हत्यारपेटी उघडावीच लागेल, आणि आजोबा हयात असतील तर त्यांस चार प्रश्न विचारावेच लागतील. ज्या घरांत गेली तीस वर्षे असे प्रश्न कोणी विचारले नाहीत, तेथे ते विचारले जाऊ लागले, तर यंत्राची निम्मी किंमत तेथेच वसूल झाली असे आम्ही म्हणू.

आणि जेथे एका घरास दुसऱ्या पायरीचे यंत्र झेपत नाही, तेथे तीनचार नातलग कुटुंबांनी मिळून एकच चांगले यंत्र घ्यावे. ज्याच्या घरी जागा आहे त्याने ते सांभाळावे, बिटांचा खर्च ज्याचा त्याने करावा, आणि वापराचे वार वहीत लिहून ठेवावेत. चार घरांत चार दुबळी यंत्रे असण्यापेक्षा एका घरात एक ताठ यंत्र असणे सर्वांच्या हिताचे आहे. वहीत वार लिहिताना भांडणे होणार नाहीत, एवढी खबरदारी मात्र ज्येष्ठांनी घ्यावी!

तात्पर्य, आधी यादी करा. मग ताठपणा पाहा. आकार शेवटी ठरवा. १०० पैकी ४० रुपये मागे ठेवा. पेन्सिलीने परीक्षा घेतल्यावाचून पैसे देऊ नका. आणि पटाशीला धार लावून ठेवा. एवढे सांभाळणाऱ्याचे पहिले यंत्र माळ्यावर जाणार नाही, असा आमचा विश्वास आहे. पुढील वर्षीच्या मेळाव्यात या सभागृहाच्या एका मेजावर आपल्या मुलामुलींनी स्वतः केलेल्या वस्तू मांडलेल्या दिसाव्यात, अशी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.